दीडशे पोरं, दोन आठवडे आणि एक माहलर

१९ ऑगस्ट २००७ला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, प्रॉम्स या उन्हाळी संगीत महोत्सवात, व्हेनेझुएलाचा सिमॉन बोलिव्हार युथ ऑर्केस्ट्रा वाजला. मंचावर दोनशेच्या आसपास मुलंमुली आणि त्यांच्यासमोर २६ वर्षांचा कंडक्टर, गुस्ताव्हो दुदामेल. पूर्वार्धात शोस्ताकोविचची दहावी सिंफनी झाली. ही रचना वाजवताना अनुभवी वादकांचाही घाम निघतो. उत्तरार्धात लिओनार्ड बर्नस्टाईनची नृत्यं. शेवटी सगळ्यांच्या अंगावर झेंड्याच्या रंगांची जाकिटं चढली, चेलोवाल्यांनी चेलो गरगर फिरवले आणि दोनशे गळ्यांतून ‘मांबो!’ अशी आरोळी उठली. (आरोळी उत्स्फूर्त वाटते, पण ती बर्नस्टाईनने नोटेशनमध्येच लिहून ठेवलेली आहे. चेलो फिरवणं मात्र पोरांचं स्वतःचं.) त्या रात्रीचं चित्रीकरण इंटरनेटवर जगभर पाहिलं गेलं, आणि ‘युथ ऑर्केस्ट्रा’ हा प्रकार माहीत नसलेल्यांनाही माहीत झाला.

तेव्हापासून अशा वाद्यवृंदांबद्दल ठरलेली दाद ऐकू येते: ‘काय उत्साह, काय ताजेपणा!’ मला ही दाद जरा आळशी वाटते. उत्साह तर गल्लीतल्या क्रिकेटमध्येही असतो. सतरा वर्षांची दीडशे मुलं एकाच क्षणी, एकाच सुरात, एकाच वजनाने धनुष्य (व्हायोलिन-चेलोचा गज) ओढतात, त्यामागे बरंच गणित, थोडं भौतिकशास्त्र आणि भरपूर तास असतात. ते उलगडून बघू.

उदाहरणासाठी ब्रिटनचा नॅशनल युथ ऑर्केस्ट्रा घेऊ. रूथ रेल्टन या बाईंनी १९४८ साली तो सुरू केला. पहिला कार्यक्रम बाथ शहरात झाला. लढाई संपून तीनच वर्षं झालेली, रेशनिंग अजून चालू, आणि संगीतक्षेत्रातल्या बऱ्याच जाणत्यांचं मत असं की शाळकरी पोरांकडून सिंफनी वाजवून घेणं म्हणजे नसता उद्योग. आज या वाद्यवृंदात साधारण १६० मुलं असतात, वय १३ ते १९. दरवर्षी नव्याने निवडचाचणी होते, आणि गेल्या वर्षी पहिल्या रांगेत बसलेल्यालाही ती पुन्हा द्यावी लागते. जागा कुणाचीच कायम नाही.

म्हणजे हा वाद्यवृंद दरवर्षी निम्मा-अर्धा रिकामा होतो आणि पुन्हा भरतो. बर्लिन किंवा व्हिएन्नाच्या मोठ्या वाद्यवृंदांत वादक पंचवीस-तीस वर्षं शेजारी बसून वाजवतात. त्यांना एकमेकांचा श्वास पाठ असतो. इथे ते भांडवलच नाही. सिमॉन बोलिव्हारचं उलटं झालं: वादक तेच राहिले, वय वाढत गेलं, आणि २०११मध्ये नावातला ‘युथ’ शब्दच काढून टाकावा लागला.

आता कार्यक्रमपत्रिका बघा. युथ ऑर्केस्ट्रा म्हटलं की माहलर, श्ट्राउस, शोस्ताकोविच, स्त्राविन्स्की हीच नावं दिसतात. सगळे अवाढव्य रचना लिहिणारे. वरवर वाटतं, पोरांना मोठा आवाज आवडतो म्हणून. आवडतोच, पण खरं कारण खुर्च्यांचं आहे. मोझार्टच्या एकोणतिसाव्या सिंफनीला तंतुवाद्यांखेरीज फक्त दोन ओबो (सनईच्या जातीचं फुंकवाद्य) आणि दोन हॉर्न (पितळी फुंकवाद्य) लागतात. बासरी नाही, क्लॅरिनेट नाही, ट्रम्पेट-ट्रॉम्बोन नाहीत, टिंपनी म्हणजे मोठे नगारेही नाहीत. ती निवडली तर देशभरातून निवडून आणलेली चाळीस-पन्नास मुलं दोन आठवडे बाकावर बसून राहतील. माहलरच्या दुसऱ्या सिंफनीला मात्र दहा हॉर्न लागतात, ट्रम्पेटही जवळपास तितकेच, आणि त्यातले काही मंचाआड उभे राहून वाजवतात. अशा रचनेत प्रत्येकाला काम मिळतं. त्यातूनही मुलं उरली तर जोरकस जागी एकच ओळ दोघादोघांना वाटून दिली जाते.

दुसरं कारण कुणी फारसं बोलून दाखवत नाही. मोझार्ट कठीण आहे. मोजक्या वाद्यांच्या पारदर्शक पोतात एक सूर केसभर सरकला तरी सभागृहभर ऐकू जातो. माहलरच्या गर्जनेत तो लपतो. गंमत म्हणजे ती एकोणतिसावी सिंफनी लिहिली तेव्हा मोझार्ट स्वतः १८ वर्षांचा होता.

तालीम कशी चालते, ते आता नीट बघण्यासारखं आहे. नॅशनल युथ ऑर्केस्ट्राची मुलं एरवी आपापल्या गावी असतात, शाळेत जातात, स्थानिक गुरूकडे शिकतात. वर्षातून तीनदा, हिवाळ्यात, ईस्टरला आणि उन्हाळ्यात, ती निवासी शिबिरासाठी एकत्र येतात. उन्हाळ्यातलं शिबिर साधारण दोन आठवड्यांचं. येताना प्रत्येकाने आपली ओळ तयार करून आणायची. शिबिरात सूर शिकवत बसायला कुणाला वेळ नसतो.

पहिले दिवस कंडक्टर नसतो. असतात सेक्शनल, म्हणजे वाद्यागणिक वेगळ्या तालमी. व्हिओलावाले (व्हिओला म्हणजे थोडं मोठं व्हायोलिन) एका खोलीत, हॉर्नवाले दुसऱ्या खोलीत, डबल बासवाले लांब कुठल्यातरी हॉलमध्ये. प्रत्येक खोलीत त्या-त्या वाद्याचा एक व्यावसायिक वादक शिकवायला असतो. चार ओळींवर तासभर जातो. धनुष्य कुठे खाली ओढायचं आणि कुठे वर ढकलायचं, हे तंतुवाद्यांच्या प्रत्येक कागदावर शिसपेन्सिलीने लिहिलं जातं, आणि त्या खुणा पूर्ण विभागात एकसारख्या असाव्या लागतात. तुम्ही चित्रीकरण पाहिलंत तर वीस धनुष्यं एकाच दिशेला जाताना दिसतात. ते दिसायला छान दिसतं म्हणून केलेलं नसतं. धनुष्य खाली ओढताना सुराला आपसूक वजन येतं, वर ढकलताना तो हलका राहतो. अर्धी मुलं वर आणि अर्धी खाली गेली तर सुराचा आकारच विस्कटतो.

आणखी एक बारकावा. तंतुवाद्यांत दोघांत एक स्टँड असतो. त्याला डेस्क म्हणतात. प्रेक्षकांच्या बाजूला बसलेला वाजवत राहतो, आतल्या बाजूचा पान उलटतो. पान उलटण्याआधीचे दोन-तीन स्वर आतल्याने सोडायचे आणि उलटल्यानंतरच्या पहिल्या स्वराला पुन्हा पकडायचं. घरी एकट्याने रियाज करून हे कधीच येत नाही. शिवाय एक ओळ दोन भागांत फुटली की बाहेरच्याने वरची आणि आतल्याने खालची घ्यायची, हेही ठरलेलं. घरी, शाळेत एकल वादनासाठी बक्षिसं मिळवलेल्या मुलीला इथे पहिल्यांदा कळतं की आपला आवाज वेगळा ऐकू आला तर ती चूक धरली जाते.

मग सगळे एका दालनात येतात आणि भौतिकशास्त्र सुरू होतं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मोठ्या वाद्यवृंदात कंडक्टरजवळचे व्हायोलिनवाले आणि मागच्या रांगेतले ट्रम्पेट, ढोल यांच्यात सहज १५ मीटर अंतर पडतं. म्हणजे पुढचा आवाज मागे पोचायला ४४ मिलिसेकंद. हे नगण्य वाटत असेल तर हिशेब करा: मिनिटाला १२० ठोक्यांची लय, एका ठोक्यात चार स्वर, तर एका स्वराच्या वाट्याला १२५ मिलिसेकंद येतात. उशीर त्याच्या एक तृतीयांश झाला. आता मागचा ट्रम्पेटवाला कानावर भरवसा ठेवून व्हायोलिनसोबत वाजायला गेला, तर तो ४४ मिलिसेकंद उशिरा वाजणार, आणि त्याचा आवाज परत पुढे पोचायला तेवढाच वेळ लागणार. प्रेक्षकाला तो जवळजवळ एक दशांश सेकंद मागे पडलेला ऐकू येतो.

पुण्यात ढोल-ताशा पथकात वाजवलेल्यांना हे सांगायला नको. मागच्या ढोलांनी पुढच्या ताशाच्या आवाजावर टोल टाकला की पथक ओढल्यासारखं वाजू लागतं, म्हणून हात बघून वाजवायचं. ऑर्केस्ट्रातही तेच. मागच्यांना कान थोडे बंद करून डोळे उघडे ठेवावे लागतात. आपल्या कानाला आपण किंचित पुढे जातोय असं वाटलं पाहिजे, तेव्हा सभागृहात ते बरोबर पडतं. आयुष्यभर ‘नीट ऐक’ असं सांगितलेल्या मुलाला ‘ऐकू नकोस, बघ’ असं सांगणं सोपं नाही. माझ्या मते पोरांना लागणाऱ्या तालमीतला मोठा वाटा इथेच जातो.

कंडक्टरचं काम यातून थोडंफार कळतं. हातवारे करून वेळ मोजणारा माणूस अशी त्याची टिंगल होते, पण त्याची काडी हे शंभर-दीडशे जणांसाठी एकमेव घड्याळ आहे जे सगळ्यांना एकाच क्षणी दिसतं. प्रकाश आवाजाइतका रेंगाळत नाही.

रॉयल अल्बर्ट हॉलने यात आपली भर घातलेली आहे. १८७१ साली बांधलेली ही अंडाकृती इमारत, वर प्रचंड घुमट, आणि त्या घुमटातून परत येणारा प्रतिध्वनी इतका कुप्रसिद्ध की ब्रिटिश संगीतकाराला आपली रचना दोनदा ऐकायची हमी इथेच मिळते, असा विनोद रूढ झाला होता. १९६९मध्ये छताखाली फायबरग्लासच्या मोठमोठ्या तबकड्या टांगल्या आणि त्रास बराच कमी झाला. आजही चित्रीकरणात वर तरंगणाऱ्या अळंब्यांसारख्या त्या दिसतात. शिबिरातल्या खोलीत बसवलेला तोल या हॉलमध्ये आल्यावर पुन्हा हलतो, आणि तो सावरायला कार्यक्रमाच्या दिवशीची तालीम तेवढी हातात असते.

हे सगळं दोन आठवड्यांत. ‘फक्त दोन आठवडे?’ असं वाटेल. पण लंडनचे व्यावसायिक वाद्यवृंद एखादा कार्यक्रम बहुतेक वेळा दोन-तीन तालमींत उभा करतात. वादकांचा तास महाग, हॉलचं भाडं महाग, आणि पुढच्या आठवड्यात दुसरा कार्यक्रम. माहलर त्यांनी आधी अनेकदा वाजवलेला असतो, त्यामुळे जमून जातं. पोरांनी तो कधीच वाजवलेला नसतो, पण त्यांच्याकडे दिवसाचे सहा-सात तास असतात आणि डोक्यात दुसरं काही नसतं. व्हेनेझुएलात तर होसे आंतोनियो आब्रेऊ यांनी १९७५मध्ये सुरू केलेल्या ‘एल सिस्तेमा’ या योजनेत मुलं शाळा सुटल्यावर रोजच्या रोज ऑर्केस्ट्रात बसतात, आणि वाद्यं फुकट मिळतात. ज्याला टीकाकार ताजेपणा म्हणतात, तो मला बऱ्याच अंशी या तासांचा परिणाम वाटतो. व्यावसायिकांना तेवढा वेळ दिला तर तेही असेच वाजतील. परवडत नाही, एवढंच.

मग महोत्सव कशाला हवा? पहिलं म्हणजे तारीख. प्रॉम्स हा महोत्सव १८९५पासून चालू आहे, १९२७पासून बीबीसी तो चालवते, आणि १९४१मध्ये जुना क्वीन्स हॉल बॉम्बने उद्ध्वस्त झाल्यावर तो अल्बर्ट हॉलमध्ये आला. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत आठ आठवडे रोज कार्यक्रम. नॅशनल युथ ऑर्केस्ट्राची ऑगस्टमधली एक संध्याकाळ जवळपास ठरलेली, आणि उन्हाळी शिबिराची सगळी आखणी त्या एका तारखेवरून मागे मोजत येते. दुसरं म्हणजे श्रोता. हॉलमध्ये पाच हजारांवर माणसं मावतात, आणि कंडक्टरच्या पाठीशी, एरवी सर्वांत महाग खुर्च्या असतात तिथे, स्वस्त तिकिटं काढून लोक उभे असतात. म्हणजे पंधरा वर्षांच्या व्हायोलिनवालीपासून पहिला श्रोता हाताच्या अंतरावर. तिसरं, प्रत्येक कार्यक्रम बीबीसी रेडिओ ३वर थेट जातो. लंडनला साडेसातला सुरू होणारा कार्यक्रम आपल्याकडे रात्री बाराला लागतो, म्हणून आपले ऐकणारे थोडे झोपाळू.

महोत्सव आणखी एक गोष्ट करतात: नवीन रचना मागवतात. २०१२मध्ये ॲना मेरेडिथ या संगीतकर्तीने याच मुलांसाठी ‘हँड्सफ्री’ नावाचा तुकडा केला. वाद्यं बाजूला ठेवायची, समोर कागद नाही, आणि दीडशेहून अधिक मुलांनी टाळ्या, चुटक्या, छातीवर थाप, पायाचा ठोका आणि तोंडाने काढलेले आवाज यांतून सगळी रचना पाठांतराने उभी करायची. वर जे घड्याळाचं आणि अंतराचं सांगितलं, ते उघड्या डोळ्यांनी बघायचं असेल तर याचं चित्रीकरण शोधा. कुणाचा हात पाव सेकंद चुकला तरी लपायला जागा नाही.

अशा वाद्यवृंदांत कोण बसू शकतं, हा प्रश्न मात्र दरवेळी अवघड ठरतो. युरोपीय समुदायाचा (आजच्या युरोपीय संघाचा) युथ ऑर्केस्ट्रा १९७६मध्ये स्थापन झाला, त्याचा पहिला संगीत दिग्दर्शक इटलीचा क्लाउदिओ आबादो. सदस्य देशांतल्याच मुलांना प्रवेश, हा नियम. व्हिएन्नात काम करणाऱ्या आबादोला दिसत होतं की तासाभराच्या अंतरावरची हंगेरी आणि चेकोस्लोव्हाकियातली गुणी मुलं केवळ पोलादी पडद्यापलीकडे राहतात म्हणून बाहेर आहेत. ऑस्ट्रियासुद्धा तेव्हा समुदायात नव्हता. त्याने १९८६मध्ये व्हिएन्नात गुस्ताव्ह माहलर युगेंड ऑर्केस्टर काढला आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंची मुलं एका डेस्कवर बसवली. बर्लिनची भिंत पडायला अजून तीन वर्षं होती. हा वाद्यवृंद पुढे साल्झबर्गच्या महोत्सवात नेहमी दिसू लागला. वयाची मर्यादा २६. दोन्ही वाद्यवृंदांतून बाहेर पडलेल्यांनी स्वतःचे वाद्यवृंद काढले: युरोपीय समुदायाच्या वाद्यवृंदातल्यांनी चेंबर ऑर्केस्ट्रा ऑफ युरोप, आणि पुढे गुस्ताव्ह माहलरमधल्यांनी माहलर चेंबर ऑर्केस्ट्रा.

नियमाची दुसरी बाजू ब्रेक्झिटनंतर दिसली. युरोपीय युथ ऑर्केस्ट्राचं कार्यालय लंडनमध्ये होतं, ते इटलीला गेलं, आणि ज्या देशात तो वाढला तिथल्या मुलांना त्याची दारं बंद झाली. व्हेनेझुएलातही २०१७मध्ये सरकारविरोधी निदर्शनांत एल सिस्तेमातला एक तरुण व्हिओलावादक मारला गेला. दुदामेल, जो तोवर बोलायचं टाळत होता, उघडपणे बोलला, आणि लगोलग सरकारने त्याचा अमेरिका दौरा रद्द केला. मुलं दौऱ्याच्या तालमीत होती. ज्या योजनेचा बहुतेक पैसा सरकारकडून येतो, तिच्या कौतुकात ही बाजू गाळता येत नाही.

या गोष्टीत मुंबईचा एक माणूस आहे आणि आपल्याकडे त्याचं नाव फारसं घेतलं जात नाही. झुबिन मेहता सगळ्यांना माहीत. त्यांचे वडील मेहली मेहता यांनी १९३५मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, पुढे मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवलं, आणि १९६४मध्ये लॉस एंजेलिसला जाऊन अमेरिकन युथ सिंफनी काढली. तेव्हा ते छप्पन्न वर्षांचे होते. नव्वदीपर्यंत, १९९८पर्यंत, ते तिचे कंडक्टर राहिले, आणि अमेरिकेतल्या अनेक वाद्यवृंदांत त्यांच्या हाताखालून गेलेले वादक पोचले. २०२४मध्ये पैशाअभावी ती बंद पडली.

मुंबईत आज एनसीपीए या कलासंस्थेचा सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, २००६पासून. २०१९मध्ये तो ब्रिटनचा दौराही करून आला. पण त्यात परदेशी वादकांची संख्या मोठी आहे, आणि याचं कारण पुन्हा खुर्च्यांचं. व्हायोलिन आपल्याकडे आहे. गोव्यात चर्चच्या शाळांमधून पिढ्यान् पिढ्या स्टाफ नोटेशन आणि व्हायोलिन शिकवलं गेलं, आणि त्या गोंयकार वादकांनी मुंबईच्या सिनेसंगीताचे ऑर्केस्ट्रा भरले. अडतं ते ओबो, बासून (bassoon, खर्जातलं लांब लाकडी फुंकवाद्य) आणि फ्रेंच हॉर्नपाशी. ही वाद्यं महाग, दमट हवेत सांभाळायला कठीण, आणि शिकवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बासूनची भोकं एकमेकांपासून इतकी लांब-लांब असतात की मुलाच्या हाताची वाढ व्हावी लागते, म्हणून सुरुवात साधारण दहा-बाराव्या वर्षी होते, आणि ऑर्केस्ट्रात बसण्याइतकी तयारी व्हायला पुढे सहा-सात वर्षं लागतात. तोवर तयार होऊन बसलेल्या व्हायोलिनच्या रांगेला वाजवायला मोझार्टची एकोणतिसावी आहे. तिला बासूनची वेगळी ओळ नाही. दोन ओबो आणि दोन हॉर्न मात्र तिलाही लागतात.